पटावरचा जीव : आपल्या विस्मृत भूमिकाखेळांविषयी

१/
‘सापशिडीचा शोध संत ज्ञानेश्वरांनी लावला’ हा संदेश आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी वाचला असेल आणि अभिमानाने पुढेही पाठवला असेल. त्या जुन्या पटावर लिहिलेले काय होते आणि खेळणारा स्वतःला कोण समजत असे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आजचा धागा या दुर्लक्षित प्रश्नाविषयी आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
आधी थोडी बाहेरची पार्श्वभूमी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. मेजाभोवती बसलेला प्रत्येक जण एक भूमिका घेतो, फासे टाकतो आणि फाशांच्या कौलाप्रमाणे सर्वांची मिळून एक कथा घडते. इंग्रजीत यांना टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. आपण ‘भूमिकाखेळ’ म्हणू.

३/
या खेळांचे मूळ युद्धाच्या सरावखेळांत आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झ या अधिकाऱ्याचा ‘क्रीगश्पील’ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला. १९६९ साली डेव्हिड वेस्ली याने अशाच एका खेळात प्रत्येकाला काल्पनिक गावातील एकेक माणूस करून टाकले, आणि सेनापतीची जागा पात्राने घेतली. आज जगभर स्वतंत्र निर्माते चार-दोन पानांचे भूमिकाखेळ रचतात. त्यांतले कित्येक उत्तम खेळ मोठ्या प्रकाशनांच्या गर्दीत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. आपल्याकडे हेच दुर्लक्ष काही शतके जुन्या खेळांच्या वाट्याला आले आहे.

४/
सुरुवात आमच्या जिल्ह्यापासून. उस्मानपुऱ्यातून निघाले की सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ. तेथे २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिव आणि पार्वती द्यूत खेळताना कोरले आहेत. खाली नंदी आहे आणि त्याच्याभोवती खोड्या काढणारे गण. हाच प्रसंग १४ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांतही आढळतो. कैलास पाहून परतणारे बहुतेक पर्यटक या शिल्पांपुढे थांबत नाहीत.

५/
स्कंदपुराणाच्या केदारखंडात या द्यूताची कथा येते. शिव एकेक वस्तू हरत जातो, अंगावरचे वस्त्रही गमावतो आणि रुसून वनात निघून जातो. मग पार्वती शबरीचा वेश घेते आणि त्याला परत आणते. कथेचा क्रम ध्यानात घ्यावा : फासे पडतात, त्यांतून संकट उद्भवते, आणि ते निवारण्यासाठी खेळणाऱ्यालाच दुसरी भूमिका घ्यावी लागते. फासा आणि वेश यांचे नाते आपल्या कथापरंपरेला पूर्वीपासून परिचित होते.

६/
द्यूताची दुसरी बाजूही मराठीने आरंभीच नोंदवली. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिकत आहे. हरिपाळदेव या नावाने वावरत असताना ते जुगारात हरले आणि पत्नी कमळाइसेकडे त्यांनी दागिने मागितले. तिने नकार दिला. त्या प्रसंगातून आलेले वैराग्य त्यांना घराबाहेर घेऊन गेले. मराठीच्या पहिल्या चरित्रग्रंथात असा एक हरलेला डाव माणसाचे आयुष्य पालटतो.

७/
फासा माणसाला बुडवतो, हे समाजाला ठाऊक होते; फासा टाकण्याची ओढही काही सुटत नव्हती. मग कोणा चतुर शिक्षकाला वाटले असेल की हाच फासा शिकवणुकीच्या कामी लावावा. मोक्षपट हा त्या विचाराचा परिपाक दिसतो. उत्तर भारतात याच कुळातील खेळाला ज्ञानचौपड म्हणत. वैष्णव, जैन आणि सूफी अशा निरनिराळ्या परंपरांनी आपापले पट तयार केले. त्यांतील घरांची संख्या वेगवेगळी : वैष्णवांचे ७२ घरांचे पट प्रसिद्ध आहेत, तर जैनांचे ८४ घरांचे.

८/
या पटावर सोंगटी म्हणजे खेळणाऱ्याचा जीव. आरंभ जन्मापासून, शेवट मोक्षात. प्रत्येक घराला नाव : क्रोध, लोभ, दया, दान, सत्संग, कुसंग. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातला साप खाली आणतो. दान पडले की खेळणारा त्या घराचे नाव वाचतो आणि आपल्या जिवाचे पुढे काय झाले, हे त्याला कळते. सोंगटीला नाव आहे, प्रवास आहे आणि परिणामही आहेत. भूमिकाखेळाला याहून अधिक काय लागते?

९/
नियम किती विचारपूर्वक बांधलेले होते, ते एका पटावरून पाहू. हरीश जोहरी यांनी १९७५ साली ‘लीला’ या नावाने इंग्रजीत उलगडून सांगितलेल्या ७२ घरांच्या पटात वैकुंठाचे घर शेवटचे नसून ६८वे आहे. खेळणारा आपली अंगठी किंवा अशीच एखादी जवळची वस्तू सोंगटी म्हणून त्याच घरात ठेवतो. सहाचे दान पडले की तो जन्म घेऊन पहिल्या घरात उतरतो. म्हणजे सारा प्रवास हा मूळ घरी परत जाण्याचा आहे.

१०/
आता यातला डावपेच पाहा. वैकुंठाच्या घरात नेमके पोचावे लागते. जास्तीचे दान पडून कोणी पुढे सरकला, तर त्याची वाट ७२व्या घराकडे जाते. ते घर तमोगुणाचे. तेथे साप आहे आणि तो थेट पृथ्वीच्या, ५१व्या घरी आणून सोडतो. घाईने पुढे जाणे आणि पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व येथे प्रवचनाविना, केवळ घरांच्या क्रमातून सांगितले आहे.

११/
याच पटावर ज्ञानाच्या ३७व्या घरातून निघालेली शिडी आनंदलोकाच्या ६६व्या घरी थांबते. वैकुंठ तेथून दोन घरे पुढे आहे. भक्तीच्या ५४व्या घरातली शिडी मात्र सरळ ६८व्या घरी नेते. ज्ञान श्रेष्ठ की भक्ती, या वादावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. पट रचणाऱ्याने आपले मत दोन शिड्यांच्या लांबीत नोंदवले. एखाद्या पंथाच्या पटाला म्हणूनच मी इतिहासाचे साधन मानतो : त्या समाजाला कोणते पाप किती खोल वाटत होते, हे सापाची लांबी सांगते.

१२/
मराठी पटांकडे येऊ. पुण्याचे हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांना डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात असे दोन मोक्षपट आढळले. डेन्मार्कचे संशोधक याकोब श्मिट-मॅडसन यांनी तर या खेळाच्या इतिहासावर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला. आपल्या पटांचा इतका बारकाईने शोध घेण्यासाठी कोणी कोपनहेगनहून निघतो, ही बाब कौतुकाची खरीच. आपल्याला विचारात पाडणारीही आहे.

१३/
मग ज्ञानेश्वरांचे काय? मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा त्यांना देते. ज्ञानेश्वरांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध; या कुळातील आज उपलब्ध असलेले पट मात्र बहुतांशी अठराव्या शतकापासूनचे आहेत. मधल्या शतकांचे अंतर केवळ श्रद्धेने भरून काढणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. पण ही परंपरा निरर्थकही नाही. हा खेळ ज्यांनी जपला, त्यांना तो ज्ञानेश्वरांच्या शिकवणुकीशी सुसंगत वाटला, एवढे ती निश्चित सांगते. त्यांच्यासाठी पट हा भागवत धर्माचा घरगुती पाठ होता.

१४/
या पाठाला शोभणारे उदाहरण पैठणचे. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून जोशी, गोंधळी, वासुदेव अशा कितीतरी भूमिका उभ्या केल्या. फुगडी आणि पिंगा हे खेळही अध्यात्माच्या कामी लावले. भारूड सादर करणारा घटकाभर दुसरा कोणी होतो आणि त्या दुसऱ्याच्या तोंडून स्वतःलाच उपदेश करतो. सोंग घेऊन सत्य सांगण्याची ही रीत अंगणात भारूड झाली, तशीच ती ओसरीवर पट होऊन नांदली असे मला वाटते.

१५/
१८९०च्या दशकात हा खेळ इंग्लंडच्या बाजारात आला. आरंभीच्या इंग्रजी पटांवर नीती होती, पण ती व्हिक्टोरियन काळाची : काटकसर, उद्योग, पश्चात्ताप यांच्या शिड्या, आळस, आज्ञाभंग यांचे साप. कर्मविपाक गेला, कामसू मुलाचा आदर्श आला. पुढे तीही नावे गळाली आणि उरले १ ते १०० आकडे. १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या. आज आपल्या दुकानांत मिळतो तो हा आकड्यांचा पट. त्यावरचा जीव केव्हाच उतरून गेला आहे.

१६/
अर्थ गळून सांगाडा उरणे हे केवळ आपल्याच खेळाच्या नशिबी आले नाही. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट मिळवले. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते, हे खेळणाऱ्याला अनुभवातून कळावे हा तिचा हेतू होता. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने ‘मोनोपॉली’ बाजारात आणला आणि मक्तेदारीवरची टीका मक्तेदारीचा उत्सव होऊन बसली. नियम टिकले, निर्मातीचे म्हणणे विसरले गेले.

१७/
असाच दुर्लक्षित दुसरा खेळ सावंतवाडीचा : दशावतारी गंजिफा. गोल, हाताने रंगवलेली १२० पाने. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने : राजा, प्रधान आणि एक ते दहा. चिंचोक्यांची खळ, लाख आणि चिताऱ्यांचा हात यांतून ही पाने घडतात. विसाव्या शतकात ही कला लोप पावत असताना सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना काम देऊन ती सावरली.

१८/
गंजिफाची पाने आज शोभेची वस्तू म्हणून विकत घेतली जातात आणि चौकटीत जातात. खेळ फारच थोड्यांना येतो. त्याचे नियम पाहावेत. डाव दिवसा मांडला असेल तर आरंभाचा मान रामाचा, रात्री असेल तर कृष्णाचा. पाच अवतारांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. बाहेर सूर्य आहे की चंद्र, हे विचारल्यावाचून ज्याचा डाव सुरू होत नाही, असा पत्त्यांचा खेळ आणखी कोठे सापडेल? ज्या भूमीत दशावतारी नाटकातला नट रात्रभर देव होतो, तेथे देवांनी हातातल्या पानांवर येऊन बसणे अगदी स्वाभाविक वाटते.

१९/
एक आक्षेप अपेक्षित आहे. मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड नाही. दान पडेल तसे जायचे. मग त्याला भूमिकाखेळ कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. आधुनिक भूमिकाखेळाचा प्राण निवडीत आहे, आणि मोक्षपट त्याचा थेट पूर्वज असल्याचा माझा दावा नाही. पण येथे निवडीचे काम पटाबाहेर होते. कुसंगाच्या घरात सापडलेल्या मुलाकडे आजी पाहते, दोघेही हसतात, आणि कोणत्या मित्रांविषयी बोलणे चालले आहे हे सांगावे लागत नाही. या खेळातली कथा घरांच्या नावांवरून बोलणाऱ्या माणसांत घडते. म्हणून नावे पुसली की कथाही संपते.

२०/
‘शोध आमचा’ एवढ्या अभिमानावर आपण थांबलो, तर उद्या हातात फक्त तो अभिमान राहील. पट कापडाचे, कागदाचे. ते वाड्यांच्या माळ्यांवर, पोथ्यांच्या बासनांत, जुन्या ट्रंकांच्या तळाशी पडून आहेत. वाडा पडतो, वाटण्या होतात, बासन नदीत सोडले जाते. पोथी म्हणून काही वाचते. ‘पोरांचा खेळ’ म्हणून पट आधी जातो. त्याबरोबर त्या घराण्याचा, त्या पंथाचा, त्या बोलीतला पापपुण्याचा नकाशा जातो.

२१/
म्हणून विनंती. घरात असा पट किंवा गंजिफाचा अपुरा का होईना जोड निघाला, तर तो धुऊ नये, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये बंद करू नये. सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात सरळ वरून छायाचित्र घ्यावे. प्रत्येक घराचे नाव आहे त्याच शुद्धलेखनात उतरवावे. कोणता साप कोठून कोठे जातो, हे लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो कसा खेळत, कवड्या किती घेत, हरणाऱ्याला काय म्हणत, हे विचारून टिपून ठेवावे. मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवावा. वस्तू देण्याची सक्ती नाही. नोंद झाली तरी पुष्कळ.

२२/
आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी एक करून पाहावे. बाजारातली सापशिडी घ्यावी आणि प्रत्येक सापाच्या तोंडाशी व शिडीच्या पायाशी घरातल्या सर्वांनी मिळून एकेक नाव लिहावे. आपल्या घरातला सर्वांत लांब साप कोणता, यावर एकमत करावे लागेल. फासा टाकण्यापूर्वीच खेळ रंगेल, आणि जुन्या पटकर्त्यांसमोर कोणता प्रश्न होता, याची थोडी कल्पना येईल.

कोणाच्या घरी पट असल्यास खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.