चिठ्ठी असलेली बाटली

माझे वडील कोयनानगरला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या वस्तूंपैकी चिनीमातीचा खल, औषध मोजायचा काचेचा पेला आणि एक लहान कात्री एवढेच माझ्याजवळ उरले आहे. कात्री मिक्श्चरच्या बाटलीवर डकवायच्या कागदी पट्ट्या कापण्यासाठी. पट्टीला जितक्या खाचा, तितके डोस. धरणावरच्या निरक्षर मजुरालाही ती पट्टी वाचता येई. औषधांच्या सुरक्षिततेचा इतिहास मी धुंडाळू लागलो तो या पट्टीपासून.

कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये देशातील औषधबाजाराची चौकशी केली. पुढे १९४० चा औषध कायदा आला आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणाऱ्याची नोंदणी सुरू झाली. दवाखान्यात काही वर्षे काम केलेल्यांनाही अनुभवाच्या बळावर पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली. अण्णा अशाच एका जुन्या कंपाउंडरच्या हाताखाली शिकले. तेव्हा मापे ग्रेन, ड्रॅम, औंसाची. ड्रॅम आणि औंस यांच्या खुणांत एका वेलांटीएवढा फरक, पण औंस म्हणजे आठ ड्रॅम. डॉक्टरांचे अक्षर लागले नाही तर अण्णा चिठ्ठी परत नेऊन विचारत, आणि त्याबद्दल बोलणी खात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली. माझा जन्म त्यानंतरचा. पुढची हकिकत घरात ऐकलेली. दवाखान्याच्या फळ्या कोसळल्या, बाटल्या फुटल्या, उरलेल्यांपैकी काहींची लेबले भिजून निघाली. बाहेर जखमींची रांग होती. तरीही लेबल नसलेली प्रत्येक बाटली अण्णांनी ओतून दिली. सोबतचे म्हणाले, रंगावरून, वासावरून कळतंय की. अण्णा म्हणाले, "वळख म्हंजे खात्री न्हवं."

लहानपणापासून मला हा प्रसंग अभिमानाचा वाटे. १९८६ साली त्यातली दुसरी बाजू दिसली.

त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. हे रसायन मूत्रपिंडे निकामी करते. ते ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट आणि गोड असते. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलमाइडचे औषध याच द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे मेली. तिथला १९३८ चा कायदा त्यातून झाला. म्हणजे हे विष जगाला ४९ वर्षे ठाऊक होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने जे. जे. प्रकरणाची चौकशी केली तेव्हा प्रश्न केवळ एका बाटलीचा राहिला नाही. खरेदी, पुरवठा, तपासणी आणि परवाने या साऱ्याच साखळीवर प्रकाश पडला.

अण्णा ती बातमी दोनदा वाचून गप्प बसले. संध्याकाळी म्हणाले, "मी बी बोट बुडवून चाखलं असतं, आन् बरोबर हाय म्हणून दिलं असतं." जन्मभर ज्या लेबलावर त्यांनी विश्वास टाकला, ते लेबल इथे शाबूत होते.

आज औषध कारखान्यातून बंद होऊन येते. दोन वर्षांचा डी. फार्म. आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेल्या मुलामुलींना खल हातात धरावा लागतो तो बहुधा परीक्षेपुरता. गल्ल्यावर उभे राहून सिरपमधले विष कुणालाच ओळखता येणार नाही. ते काम प्रयोगशाळेचे. तरीही २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये छिंदवाड्यात मुले दगावली, ती याच जातीच्या विषाने. छिंदवाड्याची कित्येक मुले उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणली होती.

मग दुकानातल्या माणसाच्या हाती काय उरते? पक्के बिल घेणे, बॅच नंबर नोंदवणे, चिठ्ठीशिवाय न देणे. धोक्याची सूचना आली की कोणती बाटली कोणाच्या घरी गेली हे सांगता येते ते याच नोंदीमुळे. बाटली पोटात जाण्याआधी परत आणायची तर नाव-पत्ता हवा. पुष्कळदा बिल मागितले की आपणच कटकट म्हणतो, आणि नोंद न करता भराभर माल देणारे दुकान चांगले समजतो.

गेल्या पावसाळ्यात कोयनानगरला गेलो होतो. औषधाच्या दुकानातली शिकाऊ मुलगी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा बॅच नंबर वहीत उतरवत होती. मागे चारजण खोळंबले होते. एकजण म्हणाला, "ताई, आटपा की." तिने मान वर केली नाही, आकडा पुन्हा एकदा ताडून पाहिला, मगच पाकीट माझ्या हातात दिले.