नीतिशास्त्राच्या पेपरात नसलेला धडा : नागपूर १९४२

नागपूरच्या अभ्यासिकांत आपली मुलंमुली युपीएससीसाठी नीतिशास्त्र घोकतात. २०१३ पासून हा २५० गुणांचा पेपर आहे. सचोटी, निःपक्षपातीपणा, करुणा यांच्या व्याख्या पाठ होतात. पण प्रशासनाचं बंद दार आपल्यासाठी कुणी उघडलं, हे आपल्याला ठाऊक आहे का?

१८ ते २० जुलै १९४२ ला याच नागपुरात, मोहन पार्कवर, दलितांची अखिल भारतीय परिषद भरली. तिथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मंत्रिपद मिळालं म्हणून ते गप्प बसले नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांनी सरकारला निवेदन देऊन नोकऱ्यांतला वाटा मागितला. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या.

कायदा कितीही चांगला असो, तो राबवणारा जातीयवादी असेल तर न्याय मिळत नाही. म्हणून प्रतिनिधित्व हाच नीतीचा प्रश्न आहे.

आरक्षणाने कार्यक्षमता घटते, असं आजही ऐकवलं जातं. कलम ३३५ पुढे केलं जातं. पण २०१९ च्या पवित्रा निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की समाजातल्या सर्व घटकांचा समावेश हाही प्रशासनाच्या कार्यक्षमतेचाच भाग आहे.

तेव्हा मित्रांनो, अधिकारी जरूर व्हा. पण ती खुर्ची चळवळीची देणगी आहे, हे विसरू नका.

जय भीम!