मठाधिपतीचं गाव

हंगेरीच्या नकाशावर ‘ऑपाती’ पुन्हापुन्हा भेटतं: झॉलॉऑपाती, यासऑपाती, किशऑपाती. ‘ऑपात’ म्हणजे मठाधिपती. अरामाइकमधला ‘अब्बा’, म्हणजे बाप, ग्रीक-लॅटिनच्या वाटेनं मठांत शिरला आणि हंगेरियनमध्ये ‘ऑपात’ झाला. शेवटचा ‘ई’ मालकी दाखवतो: मठाधिपतीचं. ‘प्युश्प्योकी’चंही तसंच. ‘प्युश्प्योक’ म्हणजे बिशप. कानाला पटत नाही, पण दोन्ही शब्द ग्रीक ‘एपिस्कोपोस’चे, म्हणजे देखरेख करणाऱ्याचे, वंशज आहेत.

अशा गावात बिशप राहत असे किंवा मठ उभा होता, असं मात्र समजू नये. नाव एवढंच सांगतं, की इथलं धान्य आणि द्राक्षमद्य कुणाच्या कोठारात जाई. झॉलॉऑपातीचा मठाधिपती शेजारच्या झॉलॉवारचा. असं नाव बहुधा शेजारीपाजारीच पाडत असणार. मालकाला आपली सगळीच गावं आपली. राजाच्या नि सरदाराच्या गावांतून हे वेगळं काढायची गरज इतरांना.

एकाच नावाची गावं बरीच असली, की मालक पुढे जोडला जाई. ‘लॉदान्य’ अनेक, त्यातलं वाराद्‌च्या बिशपचं ते प्युश्प्योकलॉदान्य. बॉलॉतोन सरोवराजवळच्या काप्तॉलॉनतोतीतलं ‘काप्तॉलॉन’ म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूंचं मंडळ, इथं वेस्प्रेमचं. ‘तोत’ म्हणजे स्लाव. मालक आणि रहिवासी दोघंही एकाच नावात.

कॉलोचॉजवळच्या ‘दुश्नोक’मध्ये तर मालक नाही, चाकरी आहे. स्लाव भाषांत ‘दुशा’ म्हणजे आत्मा. मरताना जमीनदार काही कुळं चर्चला देई. त्यांनी दरवर्षी त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थनेचा आणि जेवणाचा खर्च उचलायचा. वर्षश्राद्धाची ही जबाबदारी मुलाबाळांवर नव्हे, वेठीच्या कुळांवर. त्या कुळांना म्हणत दुश्नोक.

चर्चची दुसरीही नावं आहेत, पण ती मालकीची नव्हेत. ‘सेंत’ म्हणजे संत: सेंतेंद्रे हे संत अँड्र्यूचं, सेंतगोतहार्द संत गोटहार्डचं, तिथं राजा तिसऱ्या बेलानं 1183 मध्ये सिस्टर्शियन मठ स्थापला. राजा इश्तवान (मृत्यू 1038) याचा कायदा होता, की दहा गावांनी मिळून एक चर्च बांधावं. म्हणजे नऊ गावं चर्चविना. त्यामुळे ‘एद्यहाझॉश’, म्हणजे ‘चर्चवालं’, ही गावाची खूण ठरली. ‘एद्यहाझ’मधलं ‘हाझ’ म्हणजे घर, आणि आधीचा भाग ‘पवित्र’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचा.

ऑपाती म्हटलं, की नेमका कुठला मठाधिपती हे पंचक्रोशीला ठाऊक असे. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सनदा. बॉलॉतोनकाठच्या तिहान्य मठाची सनद राजा पहिल्या आंद्राशनं 1055 मध्ये दिली. मजकूर लॅटिन, पण शिवेवरची झाडं, वाटा, तळी यांची नावं हंगेरियन. कारण हद्दीचा तंटा झाला तर खुणा ओळखून दाखवणारे लॅटिन जाणत नव्हते. फेहेरवारला जाणारी लष्करी वाट तर त्यात विभक्तिप्रत्ययासकट उतरली आहे. अस्सल रूपात टिकलेल्या कागदपत्रांत लिखित हंगेरियनचा हा सर्वांत जुना मोठा नमुना, आणि तो मठाच्या जमिनीची हद्द आखताना लिहिला गेला.