हार्ड डिस्क मंदावली, की बिघडू लागली?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेत दहावीच्या गुणांची यादी उघडायला संगणक दहा मिनिटे घेऊ लागला. हार्ड डिस्क बिघडते आहे, की संगणकच मंदावला आहे, असे तेथील शिक्षकांनी मला विचारले.

हार्ड डिस्क आय.बी.एम.ने १९५६ मध्ये आणली. पहिलीत ५० चुंबकीय तबकड्या होत्या. आजच्या डिस्कला तबकडीचा एखादा विभाग नीट वाचता आला नाही, तर ती तोच विभाग पुनःपुन्हा वाचून पाहते. आपल्याला दिसतो तो केवळ उशीर. पण अपुरी स्मृती किंवा व्हायरस यांमुळेही उशीर होतोच. मग फरक कसा ओळखावा?

१९९२ मध्ये आय.बी.एम.ने आणि १९९५ मध्ये कॉम्पॅकने डिस्कलाच आपल्या चुकांची नोंद ठेवायला लावले. त्यातून ‘स्मार्ट’ ही पद्धत रूढ झाली. निकामी ठरवून बदललेले विभाग किती, संशयित किती, हे तीत कळते.

२००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. मात्र बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दिसले नव्हते. ताप नाही म्हणून रोग नाही, असे नसते!

म्हणून आम्ही आधी यादीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली, मग नोंदी पाहिल्या. आठवडाभरात संशयित विभाग वाढले, तेव्हा डिस्क बदलली. आधी प्रत, मग परीक्षा: हा क्रम विद्यार्थ्यांनाही सांगावा.