स्वादुपिंडातील सिस्ट : शस्त्रक्रिया व धोके

स्वादुपिंडात किंवा त्याला लागून तयार होणारी, द्रवाने भरलेली पिशवी म्हणजे स्वादुपिंडाची सिस्ट. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये ती अनेकदा योगायोगाने दिसते. बहुतेक सिस्टवर शस्त्रक्रिया लागत नाही. नुसते लक्ष ठेवतात.

प्रकार व निर्णय : स्वादुपिंडदाहानंतर होणाऱ्या आभासी सिस्टला पेशींचे अस्तर नसते आणि तिचा कर्करोग होत नाही. तिची भिंत पक्की व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यानंतरही वेदना, उलट्या किंवा जंतुसंसर्ग असेल, तर द्रवाला जठरात वाट करून देतात. हे आता बहुधा एंडोस्कोपीनेच होते. पातळ द्रवाची सीरस सिस्ट जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. चिकट द्रवाच्या म्यूसिनस सिस्टमध्ये मात्र कर्करोग उद्भवू शकतो. नलिकेतून वाढणाऱ्या प्रकारात मुख्य नलिका १० मिमी किंवा अधिक रुंद होणे, आत रक्तपुरवठा असलेली ५ मिमी वा मोठी गाठ दिसणे, सिस्टच्या दाबाने कावीळ होणे, ही शस्त्रक्रियेची ठळक कारणे.

शस्त्रक्रिया : सिस्ट स्वादुपिंडाच्या डोक्यात असल्यास व्हिपल शस्त्रक्रिया करतात. अमेरिकन शल्यविशारद अॅलन व्हिपल यांनी ती १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. तीत डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा खालचा भाग काढून उरलेले अवयव आतड्याला जोडतात. शेपटाकडील सिस्ट त्या भागासह, कधी प्लीहेसकट, काढतात. ती दुर्बिणीतूनही काढता येते.

धोके : मुख्य धोका पाचकरस गळण्याचा. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमधील अमायलेज रक्तातील कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त भरल्यास गळतीचा संशय घेतात. मऊ, निरोगी स्वादुपिंडात टाके नीट धरत नाहीत आणि बारीक नलिका जोडणे अवघड जाते. म्हणून दाहाने कडक झालेल्या ग्रंथीपेक्षा तिथे गळती अधिक. गळलेल्या रसाने रक्तवाहिनी कुरतडली गेल्यास काही दिवसांनीही जोराचा रक्तस्राव होतो. व्हिपलनंतर जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे.

पुढे मधुमेह होऊ शकतो. एन्झाइम कमी पडल्यास शौचास तेलकट होते व जेवणासोबत कॅप्सूल घ्याव्या लागतात. प्लीहा काढायची असल्यास न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिब या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो आधीच देतात. नलिकेतून वाढणाऱ्या सिस्ट उरलेल्या स्वादुपिंडातही होऊ शकतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही नियमित स्कॅन चालू ठेवतात.