शिवणबांधणी

पुस्तकाची पाने दोऱ्याने शिवून एकत्र ठेवण्याची हस्तकला, अशी शिवणबांधणीची व्याख्या सहसा करतात. ती चूक नाही, पण अपुरी आहे. पाने नुसती एकत्र ठेवायची तर कडेला भोक पाडून सुतळी ओवली तरी भागते. पान कुठे आणि किती वळावे हे ठरवणे, हे शिवणीचे खरे काम; ती गाठीपेक्षा बिजागरीच्या जातीची. म्हणून तिचे प्रकार कण्यावरच्या नक्षीवरून न ओळखता, सुई घडीतून गेली की कडेतून, यावरून ओळखावेत.

घडीतून शिवण्याचे जुने दाखले इजिप्तमधले आहेत. नाग हम्मादी येथे १९४५ साली सापडलेल्या पपायरसच्या बहुतेक ग्रंथांत सगळे ताव एकात एक घालून एकच जाड जुडी केलेली आहे. अशा जुडीत आतली पाने पुढे सरकतात, ती छाटावी लागतात आणि मधली पाने अरुंद होतात. यावर तोड म्हणजे लहान जुड्या करून त्या एकमेकींना टाक्यांनी जोडणे. कॉप्टिक बांधणीत हेच होते. चार ताव दुमडून एक जुडी करायची आणि घडीवर टोचून भोके पाडायची. मेण लावलेला दोरा भोकातून बाहेर येतो, खालच्या जुडीच्या टाक्यामागून वळसा घेतो आणि त्याच भोकातून परत आत जातो. कण्यावर साखळी उमटते. दोरा कण्याला समांतर, शिवण चालली असेल त्याच दिशेने ओढायचा. उलटा हिसडला की घडी फाटते. कण्याला खळ नाही, कापड नाही, तरी पुस्तक हव्या त्या पानावर सपाट उघडे राहते. इंग्लंडमधील सेंट कथबर्ट गॉस्पेल हे आठव्या शतकाच्या आरंभीचे पुस्तक असेच शिवलेले आहे, आणि त्याची मूळ बांधणी अजून शाबूत आहे.

जपानी चौभोकी बांधणी या कसोटीला उतरत नाही, असा आक्षेप येईल. तिच्यात ताव दुमडून घडी बाहेरच्या बाजूला ठेवतात आणि सुट्या कडा वरून खाली आरपार शिवतात. पुस्तक सपाट उघडत नाही. पण तिथला कागद इतका पातळ आणि लवचीक असतो की वळण्याचे काम पानच करते. तोच टाका जाड, ताठ कागदावर घातला तर पुस्तक हातातून मिटू पाहते. दोष टाक्याचा नसून कागद न पाहता टाका निवडणाऱ्याचा.

दुसरा आक्षेप आपल्या पोथीचा. पोथ्या न शिवताही टिकल्या, हे खरे. ताडपत्र दुमडू गेल्यास मोडते, आणि चौरंगापुढे बसून वाचणाऱ्याला सुटे पान उचलून पालथे घालणे सोयीचेच होते. मात्र कीर्तनकाराने उभ्याने हातात धरायचे बाड शिवलेलेच असे, तेही अरुंद बाजूला, म्हणजे पाने वरच्या दिशेने उलटतात. वाचणारा बसला की उभा राहिला, एवढ्यावर सुईची जागा बदलली.

आता यंत्र घड्या कापून कण्याला नुसता गोंद लावते. गोंद पूर्वीपेक्षा पक्का झाला आहे आणि एकदा वाचायच्या कादंबरीला तो पुरतो. शब्दकोशाचे तसे नाही. शिवलेल्या कोशाचा दोरा तुटला तर जुड्या अखंड राहतात, पुन्हा शिवता येतात. गोंदाच्या कोशात सुई घालायला घडीच उरलेली नसते. तो कडेतून शिवावा लागतो, आणि समास अरुंद असला तर ओळींची टोकेही शिवणीत जातात.