झांकी : झाकणे आणि पाहणे यांचे एक कूळ

जयपूरच्या गोविंददेवजी मंदिरात देव दिवसभर दर्शन देत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत सात वेळा पट उघडतात आणि काही वेळाने पुन्हा लागतात. मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या आणि शयन ही त्या वेळांची नावे, आणि यांतल्या प्रत्येक दर्शनाला म्हणतात ‘झांकी’. हिंदीत ‘झांकना’ म्हणजे डोकावणे. मराठी कानाला मात्र या शब्दात ‘झाकणे’ ऐकू येते, म्हणजे नेमके उलटे काम. एका भाषेत जे क्रियापद पाहू देते, तेच दुसरीत पाहू देत नाही.

हे साम्य वरवरचे नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्याआधी मराठीतही हा शब्द ‘झांकणें’ असाच लिहीत. तो अनुस्वार शोभेचा नव्हता. एके काळच्या नाकातल्या उच्चाराची ती खूण होती. म्हणजे शब्दाचे रूप दोन्ही भाषांत एकच आहे, अर्थ तेवढे परस्परविरुद्ध आहेत.

या कोड्याची सोपी सोडवणूक म्हणजे हे दोन वेगळे शब्द मानणे. त्यासाठी हिंदी ‘झांकना’ संस्कृत ‘अध्यक्ष’वरून आणतात. येथे अध्यक्ष म्हणजे सभेचा नव्हे, तर ‘डोळ्यांसमोर असलेला’. ‘ध्य’चा ‘झ’ होतो (मध्यचे ‘माझारी’, संध्याची ‘सांज’ ही त्याच वाटेवरची), ‘क्ष’चा ‘ख’ होतो, आरंभीचा ‘अ’ गळतो. ध्वनींच्या दृष्टीने ही वाट चालण्याजोगी आहे. मराठी ‘झाकणे’ला मग ‘ढाकणे’चा भाऊ ठरवतात: हिंदीत ‘ढक्कन’, मराठीत ‘झाकण’. पण ढ बदलून झ होण्याची रीत मराठीत नाही, आणि एका नियमबाह्य बदलावर अख्खी व्युत्पत्ती उभी करणे धाडसाचे आहे.

दोन्ही मतांना खरा अडसर आहे गुजरातीचा. गुजरातीत ‘ढांकवुं’ म्हणजे आच्छादणे हे स्वतंत्रपणे नांदते, आणि त्याच्याशेजारी ‘झांखुं’ म्हणजे अंधुक, मंद आणि ‘झांखी’ म्हणजे ओझरते दर्शन हे दोन शब्द एकत्र सापडतात. मराठी आणि हिंदी यांच्यामधला दुवा हाच. मूळ अर्थ ‘अंधुक होणे, अर्धवट आड जाणे’ असा धरला की सारे जुळते. जे आड जाते ते मराठीत झाकले जाते. आभाळ ‘झाकोळते’ तेव्हा सूर्य नाहीसा होत नाही, मंदावतो. आणि जे आडून, अंधुक दिसते त्याकडे पाहणे म्हणजे हिंदीतले डोकावणे. उघड्या मैदानाकडे कोणी ‘झांकत’ नाही. त्यासाठी फट, खिडकी किंवा पडद्याची कड लागते. आडोसा नसेल तर झांकी नाही. मराठीने आडोसा धरला, हिंदीने त्यातली फट धरली. ‘अध्यक्ष’ची व्युत्पत्ती मानली तर गुजरातीतला अंधुकपणा निराधार राहतो, म्हणून एकाच कुळाचे मत अधिक सयुक्तिक ठरते.

झांकीचा संबंध काही जण झरोक्याशीही लावतात. मोगल बादशहा अकबराच्या काळापासून झरोक्यातून प्रजेला दर्शन देत आणि औरंगजेबाने ती चाल बंद केली, हे प्रसिद्धच आहे. पण झरोक्यातला ‘र’ झांकीत कुठेच नाही. नाते प्रथेचे असेल, शब्दाचे नाही.

शब्दाला देवळात घर मिळाले ते कृष्णभक्तीमुळे. वृंदावनात बांकेबिहारी या कृष्णमूर्तीसमोरचा पडदा थोड्या थोड्या वेळाने ओढतात. भक्ताने टक लावून पाहिले तर देव त्याच्या मागे निघून जाईल, ही त्यामागची श्रद्धा. गोविंददेवजीही मूळचे वृंदावनचेच. रूप गोस्वामींना मूर्ती सापडली, आमेरच्या मानसिंहाने १५९०मध्ये तिथे लाल दगडाचे भव्य मंदिर बांधले, औरंगजेबाच्या काळात मूर्ती हलवली गेली, आणि सवाई जयसिंहाने १७२७मध्ये वसवलेल्या जयपुरात, राजवाड्याच्या आवारात ती स्थिरावली. राजाला चंद्रमहालातून देव दिसावा अशी तिची जागा निवडली गेली, असे सांगतात. मूर्तीची दंतकथाही तुकड्यातुकड्यांनी दिसण्याचीच आहे. कृष्णाचा पणतू वज्रनाभ याने तीन मूर्ती घडवल्या: मदनमोहनाचे पाय कृष्णासारखे उतरले, गोपीनाथाची छाती, आणि गोविंदाचा चेहरा.

जयपूरमध्ये पट ‘बंद’ झाले असे म्हणणे टाळतात. पट ‘मंगल’ झाले म्हणतात. नारळ फोडण्याऐवजी ‘वाढवणाऱ्या’ मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय ‘झाकली मूठ सव्वालाखाची’ हेही त्याला ठाऊक असते, आणि जयपूरच्या राजांच्या ‘सवाई’तला सव्वा तोच.

दोन्ही अर्थ एकाच भिंतीत पाहायचे तर हवामहालासमोर उभे राहावे. सवाई प्रतापसिंहाने तो १७९९मध्ये बांधला. हा राजा ‘ब्रजनिधी’ या नावाने कृष्णभक्तीची पदे लिहीत असे. महालाच्या ९५३ लहान खिडक्या राजस्त्रियांसाठी होत्या. त्यांना रस्ता दिसावा आणि रस्त्याला त्या दिसू नयेत. मराठी झाकणे आणि हिंदी झांकना तिथे एकाच जाळीच्या दोन बाजू आहेत.

पुढे झांकी देवळाबाहेर पडली. जन्माष्टमीचे देखावे झांकी झाले, आणि प्रजासत्ताकदिनी दिल्लीत निघणारे चित्ररथही. गोविंददेवजींच्या मंदिरात मात्र शब्दाचा जुना अर्थ टिकून आहे. तिथे जाणाऱ्याने सातही झांक्यांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. त्या ऋतूप्रमाणे बदलतात, आणि दोन झांक्यांच्या मध्ये पोहोचणाऱ्याला झाकलेले पटच दिसतात.